दृष्टांत आणि दार्ष्टांतिक
(नीतिकथा व धर्म यांच्या परस्परसंबंधाचा विचार)

॥ श्रीचक्रधराय नमः ॥



एका गावी पोथीवाचन संपल्यावर एक उपदेशी सद्गृहस्थ आपल्या चिरंजीवांना घेऊन भेटीस आले. चिरंजीव प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी नम्रपणे, पण आडपडदा न ठेवता एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "महाराज, खोटे बोलू नये, दुबळ्यास छळू नये, गर्व करू नये हे सर्व मी वर्गात इसापनीतीतून आणि पंचतंत्रातून शिकवितो. मुलांना ते आवडते, कळते आणि त्यावरून भांडणही होत नाही. कोल्हा आणि करकोचा यांच्यावरून कोणी कोणाचे डोके फोडल्याचे ऐकिवात नाही. मग नीतीसाठी धर्माची आवश्यकता काय? आणि धर्मग्रंथांतही शेवटी गोष्टीच असतील, तर त्या गोष्टींत आणि या गोष्टींत भेद कोणता?"

वडिलांना हा प्रश्न थोडा उद्धट वाटला. आम्हांस तो तसा वाटला नाही. मनात शंका असताना दंडवत घालण्यापेक्षा शंका बोलून दाखवून दंडवत घालणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. त्या दिवशी आम्ही जे थोडे उत्तर दिले त्याने आमचेच समाधान झाले नाही. म्हणून तोच विषय येथे क्रमाने मांडीत आहोत.

पूर्वपक्ष

प्रथम पूर्वपक्ष पूर्ण बळाने मांडला पाहिजे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात पुरुषार्थ नाही.

नीतिकथा फार प्राचीन आहेत आणि त्यांचा संचारही विलक्षण आहे. विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना शहाणे करण्यासाठी पंचतंत्र सांगितले, अशी त्या ग्रंथाची प्रस्तावना आहे. हा ग्रंथ सहाव्या शतकात इराणच्या नौशेरवान बादशहाच्या काळी पहलवी भाषेत गेला, आठव्या शतकात इब्न अल्‌मुकफ्फा याने तो 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत आणला, आणि तेथून तो युरोपच्या अनेक भाषांत पसरला. ज्या कथांनी इतके देश, भाषा आणि पंथ ओलांडले त्यांच्यात काही सत्त्व असलेच पाहिजे. शिवाय कथा आज्ञा करीत नाही. ती समोर चित्र ठेवते आणि निर्णय श्रोत्यावर सोपविते. मुलाच्या बुद्धीचा असा मान राखणारे दुसरे साधन क्वचितच आढळेल. धर्माच्या नावाने मात्र जगात कलह झाले, माणसे माणसांपासून तुटली, हे नाकारता येत नाही. हा पूर्वपक्ष होय.

कथेचा अधिकार मान्य आहे

या पूर्वपक्षातील पहिला भाग आपणांस खोडावयाचा नाहीच. कथेला तुच्छ लेखणारा मनुष्य महानुभाव पंथात शोभणार नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी ब्रह्मविद्येसारखा गहन विषय निरूपण करताना दृष्टांतांचा जसा विनियोग केला तसा मराठीत त्यापूर्वी कोणी केल्याचे दिसत नाही. केसोबासांनी त्यांतील एकशे चौदा दृष्टांत निवडून 'दृष्टांतपाठ' सिद्ध केला. लोकांच्या तोंडी असलेल्या साध्या कथांनाही आपल्या ग्रंथांत स्थान मिळाले आहे. ज्या काऊचिऊच्या गोष्टीवर महाराष्ट्रातील प्रत्येक मूल घास गिळते, त्या शेणाच्या घराची आणि मेणाच्या घराची गोष्ट लीळाचरित्रात नोंदलेली आहे. पुढे संस्कृतात ग्रंथरचना करण्याची गोष्ट निघाली तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी ती मानली नाही, कारण त्या योगे म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकल्या असत्या. ज्या पंथाने म्हातारीच्या कानाची एवढी काळजी वाहिली, तो पंथ आजीच्या गोष्टीचा शत्रू कसा असेल?

परंतु दृष्टांतपाठाची रचना नीट पाहिली पाहिजे. तेथे नुसता दृष्टांत नाही. आधी सूत्र, मग दृष्टांत आणि त्यानंतर दार्ष्टांतिक अशी तीन अंगे आहेत. सूत्र व दृष्टांत सर्वज्ञांचे आहेत, आणि कथेतील कोणती गोष्ट कोठे लावावयाची हे सांगणारे दार्ष्टांतिक केसोबासांनी जोडले आहे. नीतिकथेत मधले अंग तेवढे असते. त्याच्या आधी काय आहे आणि नंतर काय होणार, याविषयी ती मौन धरते. शिक्षकमहाशयांच्या प्रश्नाचे उत्तर या दोन बाजूंच्या अंगांत आहे.

कथेला सूत्र कोठून मिळते?

पंचतंत्राचे पहिले तंत्र मित्रभेद. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांचा जिवाभावाचा स्नेह जडतो. दमनक नावाचा कोल्हा दोघांच्या कानाशी लागून तो स्नेह नासवितो. सिंह निरपराध बैलाचा वध करतो, आणि दमनकाचे काय होते? तो प्रधानपद भोगतो. ग्रंथाचे उद्दिष्ट राजपुत्रांना राज्यव्यवहार शिकविणे हे असल्यामुळे जगात असेही घडते, सावध असावे, एवढेच त्याला सांगावयाचे आहे. या कथेत चहाडखोर विजयी होतो.

इब्न अल्‌मुकफ्फाला ही गोष्ट सहन झाली नाही. त्याने अरबी ग्रंथात स्वतःचे एक प्रकरण घातले. त्यात दिम्न्याची, म्हणजे आपल्या दमनकाची, चौकशी होते, साक्षी होतात आणि त्याला देहान्त शासन मिळते. या प्रसंगाचा विचार करावा. कथेने त्या विद्वानाला नीती शिकविली नाही. त्यानेच कथेला नीती शिकविली. निरपराध मारला जावा आणि चहाडखोराने सुख भोगावे हे अनुचित आहे, हा निवाडा त्याच्यापाशी कथेच्या आधीपासूनच होता.

फ्रान्समधील विचारवंत रूसो याने १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'एमील' या ग्रंथात हीच अडचण निराळ्या बाजूने मांडली आहे. कावळ्याच्या चोचीतील खाऊ कोल्ह्याने खोटी स्तुती करून पळविला, ही गोष्ट आपण मुलाला कावळ्यासारखे फसू नये म्हणून सांगतो. रूसो म्हणतो की मूल कावळ्याच्या बाजूला उभेच राहत नाही. त्याला कोल्हा आवडतो. फसू नये हे शिकण्याऐवजी फसवावे कसे हे ते शिकते. मुंगीची गोष्ट सांगावी तर ते उद्योग शिकण्याऐवजी दाराशी आलेल्या भुकेल्याला टोमणा मारून हाकलणे शिकते. रूसोची सर्व मते आपणांस ग्राह्य नसतील, पण हे निरीक्षण वर्गात शिकविणाऱ्या कोणालाही पटेल. कथा एकच असते. तिच्यातून काय उचलावे हे उचलणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहते. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ सालापासून लोककथा छापल्या. त्यांत मुलांना रानात सोडून द्यावयास लावणारी बाई प्रथम सख्खी आई होती. पुढील आवृत्त्यांत ती सावत्र झाली. वाचकांच्या रुचीप्रमाणे आई बदलता आली, कारण त्या कथेवर कोणाचाच अधिकार नव्हता.

आता काऊचिऊचीच गोष्ट घ्या. पाऊस येतो, कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते. तो भिजत, कुडकुडत चिमणीच्या दाराशी येतो. आणि आजच्या घराघरांतील गोष्टीत चिमणी म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. दार काही उघडत नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या हे हसत हसत सांगत आलो. भरवणाऱ्या आईला कावळ्याच्या भिजण्याचा विचार कधी शिवला नाही. गोष्टीवर आमचा रोष नाही. तिचे काम घास भरविणे हे आहे आणि ते ती उत्तम करते. पण जिचे काम घास भरविणे एवढेच आहे, तिच्यावर मुलाच्या अंतःकरणाचा सारा भार टाकू नये.

दोन ससे

भेद अधिक स्पष्ट व्हावा म्हणून दोन ससे शेजारी ठेवून पाहू.

पंचतंत्रात एक ससा आहे. वनातील पशू भासुरक सिंहाला रोज एक प्राणी पाठवितात. सशाची पाळी येते. तो मुद्दाम उशीर करतो, वाटेत दुसऱ्या सिंहाने अडविले म्हणून सांगतो, भासुरकाला विहिरीपाशी नेतो आणि त्याचेच प्रतिबिंब दाखवितो. सिंह उडी घालतो आणि मरतो. बळापेक्षा बुद्धी श्रेष्ठ, हे तात्पर्य. कथा सुंदर आहे आणि जुलमाखाली असलेल्या दुबळ्याला धीर देणारी आहे. पण जो ससा एवढा चतुर नाही त्याने काय करावे? या कथेच्या जगात त्याने मरावे, एवढेच उत्तर आहे.

दुसरा ससा लीळाचरित्रात आहे. पारध्यांनी पाठीवर घेतलेला, धावून थकलेला तो जीव येऊन सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरतो. पारधी मागोमाग येतात आणि आपली शिकार मागतात. स्वामी ती देत नाहीत. हा शरण आलेला आहे असे सांगतात आणि उलट त्यांनाच विचारतात की रानात राहणाऱ्या, गवत खाऊन जगणाऱ्या, कोणाचा अपराध न केलेल्या जीवाला का मारता? पारधी मारणे सोडतात. मग स्वामी मांडी उचलतात आणि त्या सशाला महात्मा असे संबोधून निरोप देतात.

या सशाने कोणती युक्ती केली? काहीच नाही. त्याच्यापाशी बुद्धी नव्हती, बळ नव्हते, उपकार फेडण्याची शक्तीही नव्हती. त्याला वाचविल्याने स्वामींना कोणता लाभ होणार होता? तोही नाही. इसापाच्या गोष्टीत सिंहाने सोडलेला उंदीर पुढे जाळे कुरतडून सिंहाला सोडवितो. म्हणजे दया शेवटी कामास येते, म्हणून दया करावी. येथे ससा रानात निघून जातो आणि पुन्हा कधी परत येत नाही. दया कामास आली नाही तरी ती करावयाची आहे. जो चतुर नाही, उपयोगाचा नाही, परत येणारा नाही, त्याच्याशी तुम्ही कसे वागता, येथे नीतीची खरी परीक्षा असते. व्यवहाराची नीतिकथा या परीक्षेपर्यंत क्वचितच पोचते, कारण तिला अखेरीस श्रोत्याचे हित सांगावयाचे असते.

आणखी एक भेद आहे. कथेची सुरुवात 'आटपाट नगर होते' अशी होते. ते नगर कोठे आहे असे कोणी विचारीत नाही, विचारू नये. म्हाइंभटांनी मात्र लीळा गोळा करताना ज्यांनी पाहिले, ज्यांनी ऐकले त्यांच्याकडे जाऊन विचारले. लीळा कोठे घडली, जवळ कोण होते, याची विचारणा केली. मूळ प्रत परचक्रात नष्ट झाल्यावर स्मरणातून पोथ्या पुन्हा सिद्ध झाल्या, आणि जेथे आठवण वेगळी होती तेथे तो भेद लपवून न ठेवता नोंदला गेला. स्थानपोथीत तर कोणत्या स्थानी स्वामी बसले, कोणीकडे तोंड होते, येथवर तपशील आहे. हा खटाटोप कशासाठी? हे आचरण खरोखर या भूमीवर एका देहाने केले, ते आटपाट नगरातले नाही, हे पुढच्या जीवाला कळावे म्हणून. जे घडले आहे ते पुन्हा घडू शकते. कल्पिलेल्या दयेवर आपण आनंदाने माना डोलावतो. आचरलेली दया मात्र आपणांस विचारते की तू काय केलेस?

तीन शंका

पहिली शंका अशी की धर्म तरी भय आणि लोभ यांवाचून काय शिकवितो? स्वर्गाचा लोभ आणि नरकाचे भय ही मोठ्या माणसांची इसापनीतीच नव्हे काय? या शंकेचे उत्तर आपल्या शास्त्रात स्पष्ट आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे आहेत, आणि स्वर्ग, नरक, कर्मभूमी व मोक्ष ही फळेही वेगळी आहेत. स्वर्गादि फळे देवतांच्या अधिकारातील असून भोगाने सरणारी आहेत. अशा फळासाठी केलेले सत्कर्म हा एक व्यवहारच होय, आणि त्याला आक्षेपकाने व्यवहार म्हटले तर आपण रागावण्याचे कारण नाही. सर्वज्ञांनी जीवाला त्या देवघेवीतून बाहेर काढण्यासाठीच ब्रह्मविद्या निरूपिली. अनुसरलेला साधक भिक्षा मागतो, निरभिमान होतो, हिंसेपासून दूर राहतो, ते पुण्याची पेढी घालण्यासाठी नव्हे. परमेश्वराची आज्ञा आणि त्याची आवड हेच त्याचे कारण असते. येथे नीतीला लाभाचा टेकू लागत नाही.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. इब्न अल्‌मुकफ्फाने ज्या अंतःस्थ निवाड्याने कथा सुधारली, त्याच निवाड्याने आपणही सशाची लीळा चांगली ठरवितो. मग धर्म कशाला? आपला विवेक पुरेसा आहे. यावर आमचे म्हणणे असे. विवेक आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. तो नसता तर निरूपण कोणाला केले असते? पण प्रकाश ओळखणे आणि प्रकाश असणे यांत अंतर आहे. डोळा सूर्य ओळखतो, म्हणून डोळा म्हणजे सूर्य नव्हे. दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. जन्मांध हत्तीचा एकेक अवयव चाचपून भांडतात. हीच कथा बौद्धांच्या 'उदान' ग्रंथातही आहे. तेथे श्रावस्तीचा राजा त्या अंधांचे भांडण पाहून हसतो, आणि एकांगी मते धरून वाद घालणाऱ्यांना तो उपदेश ठरतो. अलीकडे ही कथा सर्वांचे सारखेच खरे आणि सारखेच अपुरे, एवढे सांगण्यासाठी वापरतात. पण असे म्हणणाऱ्याला हत्ती पूर्ण असतो हे कोठून कळले? कोणीतरी डोळस तेथे असल्यावाचून कथाच सांगता येत नाही. आपल्या परंपरेत भर त्या डोळसावर आहे. अवयव आणि अवयवी यांचा संबंध त्याला दिसतो. जीवाच्या विवेकाने पायाचा खांब नीट ओळखला, पण तेवढ्याने हत्ती कळत नाही. एकच कथा, पण सूत्र निराळे म्हणून दार्ष्टांतिक निराळे.

तिसरी शंका सर्वांत जड आहे आणि ती आपल्यावरच उलटते. धर्म जर एवढा श्रेष्ठ, तर धार्मिक म्हणविणारे लोक कथेवर वाढलेल्या लोकांहून चांगले का दिसत नाहीत? या शंकेला आमच्यापाशी वाक्‌चातुर्याचे उत्तर नाही. ती शंका खरी आहे. पण तिचे कारण असे की आपण लीळेचीच गोष्ट करून टाकली आहे. लीळा ऐकावी, गहिवरावे, डोळे पुसावे, प्रसाद घ्यावा आणि उठून जावे. दार्ष्टांतिक ग्रंथात आहे, ते आपल्या अंगणात नाही. ज्या सर्वज्ञांनी सशाला महात्मा म्हटले, त्यांची लीळा ऐकून परतणारा मनुष्य गड्याला कोणत्या शब्दाने हाक मारतो? सुनेला, भिकाऱ्याला, परजातीच्या शेजाऱ्याला कोणत्या शब्दाने? आणि आम्ही भिक्षुवेष घेतलेले, भिक्षेत उणे पडले तर मनात काय बोलतो? विचार आहे आणि आचार नाही, अशा मनुष्यापेक्षा काऊचिऊची गोष्ट ऐकून कावळ्याला खरोखर भाकर टाकणारे मूल सरस होय. हे आम्ही आक्षेपकाच्या समाधानासाठी लिहीत नाही. प्रमाद मान्य केल्यावाचून प्रायश्चित्ताला आरंभ होत नाही, म्हणून लिहितो.

उपसंहार

तेव्हा निष्कर्ष असा. कथा आणि धर्म यांत वैर नाही. कथा दृष्टांत आहे आणि तिला स्वतःचे सूत्र नाही. राजनीतीचे सूत्र दिले की ती राजनीती शिकविते, दुकानदारीचे दिले की दुकानदारी, आणि ब्रह्मविद्येचे सूत्र दिले की तीच कथा जीवाला परमेश्वराकडे वळविते. धर्म सूत्र देतो, कारण तेथे सांगणारा सर्वज्ञ आहे आणि त्याने सांगितले तसे आचरून दाखविले आहे. दार्ष्टांतिक मात्र ज्याचे त्याला आपल्या आयुष्यात लिहावे लागते. ते केसोबासांनी ग्रंथात लिहिले म्हणून आपली सुटका होत नाही.

शिक्षकमहाशयांना आमची विनंती एवढीच की त्यांनी इसाप आणि विष्णुशर्मा सोडू नयेत. त्या कथा खुशाल सांगाव्यात. फक्त तात्पर्य सांगून वही मिटू नये. कोल्ह्याचे वागणे योग्य होते काय, संजीवक बैलाचा अपराध काय होता, हे मुलांनाच विचारावे. त्यांच्या ठायीचा विवेक त्याने जागा होईल. आणि घरी, देवपूजेनंतर, आपल्या मुलांना दुसऱ्या सशाची हकीगत सांगावी.

त्या भेटीच्या वेळी त्यांची पाच-सहा वर्षांची कन्या आजोबांच्या मांडीवर बसून हे सर्व ऐकत होती. सशाची लीळा सांगून झाल्यावर तिने विचारले, "मग चिमणीने कावळ्याला लगेच आत का नाही घेतले?" आजोबा निरुत्तर झाले. आम्हीही झालो. त्या मुलीने दार्ष्टांतिकाला आरंभ केला होता. पावसाळ्यात कोणी भिजलेला आपल्या दाराशी आला, तर बाळाला तीट लावण्याची सबब न सांगता आपण उठावे, कडी काढावी. तेवढे घडले तरी सर्वज्ञांच्या लीळेचे श्रवण सार्थकी लागले असे म्हणता येईल.

सर्व संत-महंत, साधक आणि उपदेशी मंडळींच्या चरणी दंडवत प्रणाम.